प्रोस्टेट वाढते, बेततं मूत्राशयावर

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ असते: ‘प्रोस्टेट ४२ ग्रॅम, ग्रेड २, लघवी झाल्यावर मूत्राशयात शिल्लक ११० मिली.’ घरी सगळ्यांची नजर आधी ‘ग्रेड २’वर जाते. ग्रेड हा शब्द कॅन्सरच्या संदर्भात ऐकलेला असतो, त्यामुळे घरातले हबकतात. इथे ग्रेड म्हणजे फक्त आकाराची पायरी आहे, कॅन्सरशी तिचा काही संबंध नाही. नुसत्या ४२ ग्रॅमवरूनही फारसं काही ठरत नाही. या ओळीत थांबून वाचावा असा आकडा शेवटचा, ११०. प्रोस्टेटशी झगडून मूत्राशय किती दमलंय, याचा अंदाज त्यावरून येतो.

मूत्राशयाच्या तोंडाशी, बरोबर खाली, ही ग्रंथी असते. पुस्तकी मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे प्रोस्टेटच म्हणतात. मूत्राशयातून बाहेर पडणारी मूत्रनळी या ग्रंथीच्या मधून जाते, मण्यातून दोरा जावा तशी. सगळी गोम इथेच आहे. हीच ग्रंथी दोन बोटं बाजूला असती, तर ती वाढली काय नि न वाढली काय, कोणाला पत्ताही लागला नसता. वीर्यातला पातळ भाग तयार करण्यात ती हातभार लावते. रक्ततपासणीत ज्याचं नाव वारंवार येतं ते पीएसए म्हणजे तिच्याच स्रावातलं एक प्रथिन. घट्ट वीर्य पातळ करणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. ग्रंथीच्या मागे लगेच गुदाशय आहे, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तिचा आकार आणि कडकपणा तपासू शकतात.

जन्मतः ती वाटाण्याएवढी असते. वयात येताना पहिली वाढ होते आणि विशीत ती सालीसकट अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची होते. मग वीसेक वर्षं शांत असते. चाळिशीच्या आसपास दुसरी वाढ सुरू होते आणि ती थांबत नाही. वेग अगदी संथ, वर्षाला सरासरी दीड ते अडीच टक्के. पंचेचाळिसाव्या वर्षी २५ ग्रॅम असलेली ग्रंथी वर्षाला २ टक्क्यांनी वाढत गेली, तर पंचाहत्तरीत ती ४५ ग्रॅमची होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पन्नाशी ओलांडलेल्या जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, आणि ऐंशीच्या पुढे दहातल्या आठांहून जास्त जणांत. या सगळ्यांनाच त्रास होतो असं मात्र नाही.

सगळी ग्रंथी सारखी वाढत नाही. मूत्रनळीला लागून एक छोटा भाग असतो, तरुणपणी तो ग्रंथीच्या जेमतेम ५ टक्के. म्हातारपणची वाढ जवळजवळ सगळी याच भागात होते. तिथे छोट्या छोट्या गाठी तयार होतात, त्या फुगत जातात आणि बाकीची ग्रंथी बाहेरच्या बाजूला दाबून पातळ करतात. नागपुरी संत्रं डोळ्यांसमोर आणा: फुगलेल्या गाठी म्हणजे आतल्या फोडी, दबलेली मूळ ग्रंथी म्हणजे साल. हे चित्र लक्षात राहू द्या, पुढे ऑपरेशनच्या वेळी ते पुन्हा लागेल. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा या सालीत होतो, फोडींत क्वचित. वयानुसार होणाऱ्या साध्या वाढीचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, कारण दोन्ही उतारवयातच येतात, पण एकातून दुसरं निघत नाही.

ती वाढते का?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक रक्तातून प्रोस्टेटमध्ये येतं. तिथे ५-अल्फा-रिडक्टेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं डीएचटी नावाच्या जास्त तिखट संप्रेरकात रूपांतर करतं. ग्रंथीच्या पेशींना वाढायला सांगतं ते मुख्यतः हे डीएचटी. याचा पुरावा फार दूरवरून मिळाला. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या काही खेड्यांत हे विकर जन्मतः कमी असलेली मुलं होती. १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याविषयी लिहिलं. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही, ही मुलं मोठी झाली तरी त्यांची प्रोस्टेट लहानच राहत होती. हे विकर अडवलं तर म्हातारपणची वाढही रोखता येईल, हा विचार त्यातून आला आणि १९९२ साली फिनास्टेराइड ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली.

मग वय वाढतं तसं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं, तरी ग्रंथी का वाढते? हा प्रश्न रास्त आहे. एक तर रक्तातली पातळी उतरली तरी ग्रंथीच्या आत डीएचटी भरपूर टिकून राहतं. दुसरं म्हणजे जुन्या पेशी मरण्याचं प्रमाण घटतं. नव्या पेशी फार झपाट्याने जन्मत नाहीत, पण जुन्या जागा सोडत नाहीत, आणि ग्रंथी भरत जाते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं बदललेलं प्रमाण आणि ग्रंथीत वर्षानुवर्षं राहणारी बारीक सूज यांचाही हातभार असतो. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांत त्रास जास्त आढळतो. वडील किंवा भाऊ यांना कमी वयात ऑपरेशन लागलं असेल, तर आपल्यालाही ते लागण्याची शक्यता वाढते. शरीरसंबंध जास्त ठेवले किंवा ठेवलेच नाहीत म्हणून प्रोस्टेट वाढली, असा समज अजून ऐकू येतो. त्यात तथ्य नाही.

अडथळा दोन तऱ्हेचा असतो आणि औषधं समजून घ्यायची तर हा फरक कळायला हवा. एक म्हणजे वाढलेल्या मांसाचा दाब. दुसरा म्हणजे आवळ. प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या गळ्याशी गुळगुळीत स्नायूंचे धागे असतात. ते आवळले की नळी आणखी चिमटते. थंडीत, ताणात, सर्दीच्या काही गोळ्यांनी हा आवळ वाढतो. म्हणून तोच माणूस आज बरा असतो नि उद्या अडतो. आकार आणि त्रास यांचा मेळ न बसण्याचं आणखी एक कारण आहे: कधी कधी वाढ बाजूला न होता वर, थेट मूत्राशयाच्या तोंडात घुसते. अशी ३० ग्रॅमची प्रोस्टेटही झडपेसारखी तोंड बंद करते, तर शेजारच्याची ८० ग्रॅमची असूनही त्याची धार बरी असते.

आता मूत्राशयाकडे. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. वाट अरुंद झाली की ती जास्त जोर लावते, आणि तालमीत जाणाऱ्या माणसाच्या दंडासारखे तिचे स्नायू जाड होतात. या काळात धार ठीकच असते, कारण वाढलेला जोर अडथळ्यावर मात करतो. पण जाड झालेलं मूत्राशय चिडकं होतं: पूर्ण भरण्याआधीच आकुंचन पावतं. म्हणून घाईची लघवी लागते, संडासाच्या दारापर्यंत धीर निघत नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर एरवी गुळगुळीत असणारी आतली भिंत दोरखंड ताणल्यासारखी दिसते, दोरांच्या मध्ये खळगे पडलेले असतात. आणखी काही वर्षांनी स्नायूंच्या जागी चिवट तंतू येतात आणि पिशवी थकते. लघवी झाली तरी आत शिल्लक राहू लागते, आधी ५०, मग १००, मग ३०० मिली. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे बनतात. दाब उलटा चढला की किडन्या फुगतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारा आकडा, वाढतं. हे सगळं दुखल्याशिवाय होऊ शकतं, म्हणून ‘वय झालं, चालायचंच’ असं म्हणून सोडून देऊ नये.

त्रास कसा मोजायचा

डॉक्टर सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. गेल्या महिनाभरात लघवी झाल्यावरही राहिल्यासारखं वाटलं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का, धार मध्येच तुटली का, घाई झाली का, धार बारीक झाली का, सुरुवातीला कुंथावं लागलं का, रात्री किती वेळा उठलात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. शेवटी वेगळा प्रश्न असतो: हे असंच आयुष्यभर राहिलं तर कसं वाटेल? उपचार घ्यायचे की नाही, हे ठरवताना हे उत्तर फार महत्त्वाचं आहे. सौम्य त्रास असेल आणि माणूस त्यात सुखी असेल तर वर्षाकाठी तपासणी पुरते.

रात्रीच्या उठण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण त्याचं खापर सरसकट प्रोस्टेटवर फोडलं जातं आणि बऱ्याचदा दोष दुसऱ्याचाच असतो. मापाच्या खुणा असलेलं एक प्लास्टिकचं भांडं घ्या. तीन दिवस, प्रत्येक वेळची लघवी त्यात करून वेळ आणि मिली वहीत लिहा. झोपायला गेल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, एवढी रात्रीची धरा. समजा, २४ तासांत १८०० मिली झाली आणि त्यातली ८०० रात्रीची निघाली. म्हणजे ४४ टक्के. उतारवयात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं, तर शरीर रात्री लघवी जास्त बनवतंय असा अर्थ होतो, आणि प्रोस्टेटच्या गोळीने त्यावर फारसा फरक पडणार नाही. तेव्हा पायांवरची सूज, हृदय, रक्तातली साखर, घोरणं नि झोपेत श्वास अडकणं हे तपासावं लागतं. पायांत उतरलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. दुपारी तासभर पाय उंच करून पडलं तर ते दिवसाच निघून जातं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. उलट प्रत्येक वेळी १०० मिलीच होत असेल, तर रोख मूत्राशयाकडे जातो.

तपासण्या फार नाहीत. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन, साखर, बोटाने तपासणी, पीएसए, सोनोग्राफी, आणि धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री. या शेवटच्या तपासणीत एका यंत्रात लघवी करायची असते. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली अडथळ्याची शंका. एकूण लघवी १५० मिलीपेक्षा कमी झाली तर तो आलेख धरू नये. सोनोग्राफीसाठी ‘भरपूर पाणी पिऊन बसा’ म्हणतात आणि नंबर यायला दोन तास लागतात. मूत्राशय असं तट्ट फुगलं की बरा माणूसही ते नीट रिकामं करू शकत नाही आणि शिल्लक लघवी खोटी जास्त दिसते. आकडा अनपेक्षितपणे मोठा आला तर लघवीची नेहमीएवढी भावना असताना पुन्हा मोजून घ्यावा.

पीएसए ४ च्या वर गेलं म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. ग्रंथी मोठी असली की पीएसएही वाढतं. लघवीत जंतुसंसर्ग असला, लघवी तुंबली, ती काढायला नळी (कॅथेटर) टाकली, तरी ते उसळी मारतं. संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवडे थांबून तपासावं, आणि तपासणीआधी दोन दिवस वीर्यस्खलन व लांबची सायकल टाळावी.

औषधं आणि त्यांच्या खाचाखोचा

आवळ सोडवणारी औषधं म्हणजे टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, सायलोडोसिन ८, अल्फुझोसिन १०. यांचा गुण काही दिवसांतच येतो. ग्रंथी यांनी लहान होत नाही. पहिले काही दिवस एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं आणि वाटेत दिवा ठेवावा. संबंधाच्या वेळी वीर्य कमी किंवा अजिबात न येणं हा सायलोडोसिनचा नेहमीचा परिणाम आहे; तो निरुपद्रवी आहे, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. आणि एक गोष्ट हमखास सांगायची राहून जाते: मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर यांपैकी कोणतीही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगाच. तिच्यामुळे डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. गोळी आठवडाभर बंद केल्याने तो धोका टळत नाही, पण डॉक्टरांना कल्पना असेल तर ते तयारीने बसतात.

ग्रंथी आकसवणारी औषधं म्हणजे फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५. ग्रंथी ३०-४० ग्रॅमच्या वर असेल तर यांचा खरा उपयोग. सहा महिने ते वर्षभरात आकार साधारण २० ते २५ टक्क्यांनी उतरतो, म्हणून दोन महिन्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. काहींची कामेच्छा कमी होते, ताठरता कमी होते, क्वचित छाती दुखरी होते. सहा महिन्यांनंतर पीएसए निम्म्यावर येतं. तेव्हा रिपोर्टमधलं २.५ हे ५ समजायचं. हे दुप्पट करणं विसरलं तर कॅन्सर नजरेआड राहू शकतो. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेली गोळी किंवा गळणारी कॅप्सूल हाताळू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. मोठी ग्रंथी आणि जास्त त्रास असेल तर दोन्ही प्रकार एकत्र देतात.

घरी करण्यासारखंही आहे. दिवसभराचं पाणी तोडू नका, फक्त झोपण्याआधीच्या दोन तासांत आवरतं घ्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. लघवी झाली की अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा करा. बसून केली तर पिशवी आणखी नीट रिकामी होते. नंतर कपड्यात थेंब पडत असतील, तर अंडकोशामागून पुढे बोटांनी हलका दाब देत आणा, नळीत अडकलेले थेंब बाहेर पडतात. बद्धकोष्ठ राहू देऊ नका, भरलेला गुदाशय मूत्रमार्गावर दाबतो.

लघवी तुंबली तर

कित्येकदा हे असं घडतं: सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी आणली, वर एसटीचा चार तासांचा प्रवास, लघवी दाबून धरलेली. उतरल्यावर एक थेंब येत नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन प्रोस्टेटचा आवळ वाढवतं, आणि त्याच गोळीतलं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर काढून घेतं. प्रमाणाबाहेर ताणलेली पिशवी मग आकुंचनच पावत नाही. ट्रमाडॉलसारखी वेदनाशामकं, अॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्य-नसांच्या दुखण्यावरचं औषध, दारू, एखाद्या ऑपरेशनची भूल यांनीही असंच होतं. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, काढे देऊ नका. जवळच्या दवाखान्यात नळी घालून घेणं हाच उपाय. निघालेली लघवी किती मिली होती हे लिहून घ्यायला सांगा, पुढच्या डॉक्टरांना ते लागतं. साधारणपणे टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात.

याहून फसवा प्रकार हळूहळू तुंबण्याचा. ओटीपोट फुगलेलं, दुखत नाही, आणि म्हातारा माणूस रात्री अंथरूण ओलं करू लागतो. घरचे डायपर आणतात. खरं तर ती काठोकाठ भरलेल्या पिशवीतून सांडणारी लघवी असते आणि किडन्या धोक्यात असतात. उतारवयात नव्याने अंथरूण ओलं होऊ लागलं, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा. लघवीतून रक्त दिसणं, थंडी वाजून ताप येणं, असं झालं तरीही दाखवायला थांबू नये.

ऑपरेशन कधी? लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, किडनी फुगते, मूत्राशयात खडे होतात, संसर्ग किंवा रक्त वारंवार येतं, किंवा औषधांनी भागत नाही तेव्हा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, ज्याला टीयूआरपी म्हणतात, मूत्रनळीतून जाऊन विजेच्या तारेच्या कडीने मांसाच्या चकत्या काढतात. होल्मियम लेझरच्या पद्धतीत संत्र्याच्या फोडी सालीपासून अखंड सोडवतात आणि मूत्राशयात बारीक करून ओढून घेतात. फार मोठ्या ग्रंथींनाही ती चालते. निघालेलं मांस तपासणीला जातं, तो रिपोर्ट जपून ठेवावा. दोन्हींत साल आतच राहते. ‘प्रोस्टेट काढून टाकली’ असं समजून पुढची पीएसए तपासणी बंद करू नका. बहुतेकांचं वीर्य यानंतर बाहेर न येता मूत्राशयात जातं. ताठरता बहुधा आधीसारखीच राहते.

ऑपरेशननंतर लघवीसाठी ठेवलेली नळी दोन-तीन दिवसांनी निघते. दहा-चौदा दिवसांच्या सुमारास आतली खपली पडते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. जास्त पाणी प्यायल्यावर ती निवळत गेली तर ठीक, गुठळ्या येऊन अडू लागली तर लगेच रुग्णालय गाठा. चार ते सहा आठवडे जड उचलणं, कुंथणं, दुचाकीवरचे खड्डे टाळा. धार बहुधा नळी निघाल्यापासूनच सुधारलेली दिसते. घाई आणि रात्रीचं उठणं मात्र सगळ्यात शेवटी कमी होतं, कारण वर्षानुवर्षं जोर लावून जाड झालेल्या मूत्राशयाला सैलावायला तीन ते सहा महिने लागतात.